सुट्ट्यांच्या हंगामात विक्रीचे काम आणि घरचा वेळ: नव्याने विक्रीत आलेल्यांसाठी मार्गदर्शन

विक्रीच्या क्षेत्रात पहिल्यांदाच सुट्ट्यांचा हंगाम अनुभवणाऱ्या माणसापुढे एक साधी पण कठीण अडचण उभी राहते. जे दिवस घरच्यांनी एकत्र येण्यासाठी राखलेले असतात, नेमके तेच दिवस कंपनीने टार्गेटसाठी राखलेले असतात. इतर खात्यांतील सहकारी रजेचे अर्ज भरत असताना विक्रीतल्या माणसाला मात्र रोजचा आकडा विचारला जातो, आणि घरी पोहोचावे तर तिथेही त्याच्या नावाने वाट पाहणे सुरूच असते.

अनेक हंगाम या कामात काढल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, ही ओढाताण कामाच्या प्रमाणामुळे जितकी होते, त्याहून अधिक मोघम शब्दांमुळे होते. घरी आपण ‘लवकर येतो’ म्हणतो, ग्राहकाला ‘केव्हाही फोन करा’ म्हणतो आणि मॅनेजरला ‘बघतो, जमवतो’ म्हणतो. या तिन्ही वाक्यांत वेळ कुठेच नाही. त्यामुळे ज्याचा फोन आधी येईल त्याच्याकडे आपण ओढले जातो आणि उरलेल्या दोघांच्या लेखी शब्द मोडलेला असतो. पुढील पायऱ्या प्रामुख्याने या मोघम शब्दांच्या जागी नेमक्या वेळा ठेवण्याविषयी आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक काम हंगाम सुरू होण्यापूर्वीच करायचे आहे.

आपली विक्री कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ओळखावे

सुट्ट्यांच्या हंगामात सगळ्याच विक्रेत्यांचे काम वाढते, असा नव्या माणसाचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. दुकानातील काउंटरवर, मॉलमध्ये किंवा ऑर्डर घेणाऱ्या कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यांसाठी हा खरोखर गर्दीचा काळ असतो. ग्राहक स्वतःहून येतो, शिफ्ट लांबतात, साप्ताहिक सुट्टी पुढे ढकलली जाते आणि ऐन दिवसांत रजा मिळण्याची शक्यता कमी असते. याउलट जे संस्थांना, कारखान्यांना किंवा कार्यालयांना माल अथवा सेवा विकतात, त्यांचा ग्राहकच रजेवर गेलेला असतो. तिथे काम वाढत नाही, तर कामाचे दिवस कमी होतात आणि आकडा मात्र तेवढाच राहतो.

या दोन अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत. काउंटरवरच्या माणसाने आपली शक्ती सोयीचे रोस्टर (पाळ्यांचे वेळापत्रक) मिळवण्यात, शरीर सांभाळण्यात आणि घरचा कार्यक्रम एखाद्या वेगळ्या दिवशी बसवण्यात खर्च करावी. संस्थात्मक विक्रीतील माणसाने ती ग्राहकाच्या तारखा शोधण्यात खर्च करावी. दुसऱ्या प्रकारातील कित्येक नवे विक्रेते पहिल्या प्रकारासारखे वागतात, म्हणजे पलीकडे निर्णय घेणारे कोणी नसतानाही दिवसभर फोनजवळ बसून राहतात. त्यात विक्रीही होत नाही आणि सुट्टीही मिळत नाही.

सहा आठवडे आधी: खरे दिवस मोजावेत

हंगामाच्या साधारण सहा आठवडे आधी एक कॅलेंडर समोर घ्यावे. त्यात कंपनीची तिमाही किंवा वर्ष संपण्याची तारीख, सार्वजनिक सुट्ट्या, ठरलेली विक्री मोहीम, मोठ्या ग्राहकांच्या बंदच्या तारखा आणि घरचे कार्यक्रम हे सगळे एकाच पानावर लिहावे. कामाचे कॅलेंडर वेगळे आणि घरचे वेगळे ठेवले, तर दोन गोष्टी एकाच दुपारी येत आहेत हे त्या दुपारीच कळते.

यानंतर प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजावेत. समजा महिना ३१ दिवसांचा आहे. साप्ताहिक सुट्ट्यांचे ८ दिवस वजा केले, सार्वजनिक सुट्ट्यांचे ३ गेले, ग्राहकाकडील निर्णय घेणारा अधिकारी कामाचे ५ दिवस रजेवर आहे आणि त्याच्या कार्यालयात अखेरचे २ दिवस हिशेब मिटवण्यासाठी खरेदी थांबवलेली असते. ३१ दिवसांपैकी आपल्या हाती फक्त १३ उरले. कोटेशन दिल्यापासून ऑर्डर येईपर्यंत आपल्या कामात सरासरी ३ आठवडे लागत असतील, तर या महिन्याच्या पहिल्या तारखेला दिलेले कोटेशन याच महिन्यात ऑर्डर होऊन येण्याची आशा फारच थोडी आहे. म्हणजे या महिन्याची विक्री मागच्या महिन्यातच करायची होती. ही गोष्ट पहिल्याच हंगामात समजली, तर पुढच्या अनेक संध्याकाळी वाचतात.

हातातील प्रत्येक सौद्याला चार प्रश्न विचारावेत

संस्थात्मक विक्रीतील माणसासाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. हंगामापूर्वी आपल्या पाइपलाइनमधील, म्हणजे बोलणी चालू असून ऑर्डर अजून न आलेल्या, प्रत्येक ग्राहकाशी प्रत्यक्ष बोलून चार गोष्टी विचारून घ्याव्यात. अंतिम सही कोणाची लागते? ती व्यक्ती कोणत्या तारखेपासून रजेवर आहे आणि तिच्या गैरहजेरीत सहीचा अधिकार दुसऱ्या कोणाला आहे का? खरेदी विभाग परचेस ऑर्डर काढणे कोणत्या तारखेला थांबवतो? आणि या खरेदीसाठी मंजूर झालेला निधी वर्षअखेरीस रद्द होतो की पुढील वर्षात वापरता येतो?

चौथ्या प्रश्नाचे महत्त्व नव्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. अनेक संस्थांमध्ये वर्षभरात न वापरलेला निधी परत जातो, त्यामुळे वर्ष संपता संपता खरेदीची घाई होते. अमेरिकेच्या संघीय सरकारच्या खरेदीचा जेफ्री लीबमन आणि नील महोनी यांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाच्या अखेरच्या आठवड्यातील खर्च उरलेल्या वर्षातील साप्ताहिक सरासरीच्या जवळपास पाचपट आढळला, आणि माहिती तंत्रज्ञानाच्या ज्या प्रकल्पांना वर्षअखेरीस पैसा मिळाला त्यांचा दर्जाही कमी ठरला. विक्रेत्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. ज्यांचा निधी रद्द होणार आहे, त्या ग्राहकांना आपण शेवटच्या आठवड्यात धावपळ करून गाठण्याऐवजी महिनाभर आधी कागदपत्रे तयार ठेवायला मदत करावी. आणि ज्यांचा निधी पुढे वापरता येतो, त्यांच्यामागे ऐन सुट्टीत लागून काही उपयोग नाही. त्यांना घाई करण्याचे कारणच नाही.

या चार उत्तरांवरून सौदे आपोआप वेगळे होतात. काही सुट्ट्यांच्या आधी नक्की मिटतील आणि आपली सगळी शक्ती त्यांच्यासाठी राखावी. काही सुट्ट्यांनंतरचे आहेत. त्यांच्याशी नंतरच्या भेटीची तारीख आणि वेळ आत्ताच ठरवून टाकावी. उरलेले काही सौदे आपण केवळ आशेपोटी यादीत ठेवलेले असतात. अशा ग्राहकाला ‘आपला विचार पुढच्या वर्षीचा आहे का?’ असे मोकळेपणाने विचारले, तर बहुतेकदा खरे उत्तर मिळते. नकारही चालेल. होकार आणि नकार यांच्यामध्ये लोंबकळत असलेला सौदा मात्र डोक्यात जागा अडवून बसतो, आणि ती जागा घरच्या वेळातून गेलेली असते.

महिन्याच्या अखेरच्या दोन दिवसांत भरमसाट सवलत देऊन आकडा गाठण्याचा मोह नव्या माणसाला हमखास होतो. तो टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्या दोन दिवसांत घरचा वेळ तर जातोच, शिवाय पुढच्या वेळी तो ग्राहक त्याच दोन दिवसांची वाट पाहत थांबतो, आणि घाईत ठरलेल्या ऑर्डरमधील तपशिलाच्या चुका सुट्टीच्या दिवशीच फोन करायला लावतात.

घरच्यांशी बोलताना तारीख आणि वेळ सांगावी

माझ्या सुरुवातीच्या एका हंगामात मी घरी सांगून निघालो होतो की संध्याकाळी लवकर येतो. दुपारी एका ग्राहकाने कोटेशनमध्ये बदल सांगितला, मग मंजुरीसाठी मॅनेजरची वाट पाहिली, आणि घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे सव्वादहा वाजले होते. माझी धाकटी मुलगी बाहेर जाण्यासाठी घातलेल्या कपड्यांतच कोचावर झोपली होती, आणि पायांत मोजेही तसेच होते. ती सायंकाळी ५ पासून तयार होऊन बसली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. ‘लवकर’ या शब्दाचा माझा अर्थ रात्री ८ हा होता. तिचा अर्थ शाळा सुटल्यावर लगेच, असा होता. त्या दिवशी उशीर झाला याचे जेवढे वाईट वाटले, त्याहून जास्त वाईट या गोष्टीचे वाटले की मी ८ वाजताच येणार आहे हे आधी सांगितले असते, तर तिने तीन तास वाट पाहिली नसती.

म्हणून हंगामापूर्वी घरातील सगळ्यांसोबत अर्धा तास बसावे आणि कॅलेंडर मध्ये ठेवावे. आपल्या कामाचे सर्वांत कठीण दिवस कोणते, हे त्यांना स्पष्ट दाखवावे. त्यानंतर त्यांना विचारावे की तुम्हाला मी कोणत्या वेळी हवाच आहे. हा प्रश्न विचारला की घरच्यांची मागणी आपल्याला वाटते त्याहून बरीच लहान असल्याचे लक्षात येते. त्यांना बहुधा संपूर्ण आठवडा नको असतो. एखादी दुपार, एखादे एकत्र जेवण, वडिलांना भेटायला जाताना सोबत, एवढेच हवे असते. अशा तीन किंवा चार वेळा निवडाव्यात आणि मोठ्या ग्राहकाच्या भेटीप्रमाणे कॅलेंडरमध्ये त्यांची नोंद करावी. कमी वेळांचे वचन द्यावे, पण दिलेले पाळावे. आणि न जमणाऱ्या दिवसाबद्दल आधीच ‘त्या दिवशी मी नसेन’ असे सांगावे, कारण आधी सांगितलेला नकार माणसे समजून घेतात.

ज्यांना काउंटरच्या कामामुळे मुख्य दिवशी सुट्टी मिळणारच नाही, त्यांनी घरचा कार्यक्रम दोन दिवस अलीकडे किंवा पलीकडे घेता येईल का, हे याच बैठकीत विचारावे. लहान मुलांना तारखेपेक्षा तो दिवस पूर्ण मिळण्याचे महत्त्व अधिक असते.

रजा आणि रोस्टर

रजेचा अर्ज शक्य तितका लवकर आणि लेखी द्यावा. मॅनेजरकडे जाताना ‘मला सुट्टी हवी आहे’ एवढेच सांगू नये. आपल्या सौद्यांची यादी, कोणते रजेपूर्वी मिटतील, कोणते नंतरचे आहेत आणि मधल्या काळात कोण पाहील, हे एका पानावर घेऊन जावे. मॅनेजरलाही वरच्यांना आकडा सांगायचा असतो, आणि त्याची चिंता कमी करणारा अर्ज लवकर मंजूर होतो. सहकाऱ्यांशी दिवसांची अदलाबदल करायची असेल तर तीही लेखी असावी. कठीण दिवसाची शिफ्ट आपण स्वतःहून घ्यावी आणि त्याबदल्यात आपल्याला हवा असलेला दिवस मागून घ्यावा. बदली सुट्टीबद्दल, म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल नंतर मिळणाऱ्या सुट्टीबद्दल, कंपनीचा नियम काय आहे, तिची मुदत किती, हे मनुष्यबळ विभागाला विचारून ठेवावे. अनेकांची साचलेली सुट्टी केवळ मुदत ठाऊक नसल्यामुळे वाया जाते.

काम सोपवण्याची चिठ्ठी आणि ग्राहकाला संदेश

रजेच्या काळात फोन येऊ नयेत असे वाटत असेल, तर ज्याला काम सोपवले आहे त्याला निर्णय घेता येईल एवढी माहिती द्यावी लागते. ‘काही लागले तर फोन कर’ असे सांगून गेलो, तर फोन येणारच. प्रत्येक चालू सौद्यासाठी चार-पाच ओळी पुरतात. उदाहरणार्थ: ‘कोटेशन १४ तारखेला दिले आहे. ग्राहकाला डिलिव्हरीची तारीख महत्त्वाची आहे, किंमत नाही. ३ टक्क्यांपर्यंत सवलत मागितली तर द्यावी, त्याहून जास्त मागितल्यास माझ्या परतण्यापर्यंत थांबण्याची विनंती करावी. पेमेंटच्या अटी बदलू नयेत. तातडीचा प्रश्न तांत्रिक असेल तर सर्व्हिस विभागाला द्यावा.’ या चिठ्ठीतील सवलतीची मर्यादा ही सर्वांत उपयोगी ओळ आहे. सुट्टीत येणारे बहुतेक फोन ‘इतके कमी करू का?’ एवढ्यासाठीच असतात. ती मर्यादा अर्थातच मॅनेजरकडून आधी मंजूर करून घ्यावी.

ग्राहकालाही रजेच्या पाच-सहा दिवस आधी स्वतः कळवावे. आपोआप जाणारे उत्तर ईमेलवर लावून ठेवावेच, पण ते ग्राहकाला गरज पडल्यावर मिळते, आणि तोवर त्याची अडचण झालेली असते. संदेश साधा असावा: ‘नमस्कार. मी २२ तारखेच्या सायंकाळी ६ पासून २७ तारखेच्या सकाळी ९ पर्यंत रजेवर आहे. या काळात आपली ऑर्डर माझे सहकारी पाहतील; त्यांना सर्व माहिती दिली आहे आणि त्यांचा क्रमांक सोबत देत आहे. २७ तारखेला सकाळी ११ वाजता मी आपल्याला फोन करीन. त्यापूर्वी माझ्याकडून काही हवे असेल तर कृपया २० तारखेपर्यंत कळवावे.’ यात क्षमायाचना नाही आणि कारणांचे स्पष्टीकरणही नाही. ग्राहकाला आपण उपलब्ध असण्यापेक्षा आपले काम अडणार नाही याची खात्री हवी असते. आणि २७ तारखेला सकाळी ११ वाजता तो फोन गेलाच पाहिजे. त्या एका फोनवर पुढच्या वर्षीची रजा अवलंबून आहे.

हंगामातील संध्याकाळ

घरी असूनही मन कामात राहते, ही तक्रार विक्रीतील जवळजवळ प्रत्येकाची असते. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. जेवताना घेतलेला चार मिनिटांचा फोन म्हणूनच चार मिनिटांत संपत नाही. ‘किंमत थोडी पाहा’ एवढे बोलून ग्राहक फोन ठेवतो, आणि आपण ताटावर बसून मनातल्या मनात मार्जिनचा हिशेब करत राहतो.

यावर चांगला उपाय आहे. ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांच्या २०११ मधील प्रयोगांत असे आढळले की, अपूर्ण काम पूर्ण केले नाही तरी ते कसे आणि केव्हा करायचे याची नेमकी योजना केली, तर त्याचे विचार मनात घुसणे थांबते. म्हणून काम संपवताना शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत. प्रत्येक अपूर्ण गोष्टीपुढे उद्याची वेळ आणि पहिली कृती लिहावी. ‘कोटेशन पाहणे’ असे लिहू नये. ‘सकाळी ९:३० वाजता वाहतूक खर्च विचारून नवा दर पाठवणे’ असे लिहावे. ही वही बंद केली की कामाचा दिवस संपला.

तरीही अखेरच्या आठवड्यात संध्याकाळी काही काळ उपलब्ध राहणे खरोखर आवश्यक असू शकते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी एकच ठरावीक खिडकी ठेवावी, उदाहरणार्थ रात्री ९ ते ९:३०, आणि ती घरच्यांना व ग्राहकांना दोघांनाही सांगावी. त्या अर्ध्या तासात वेगळ्या खोलीत बसून सगळे फोन करावेत, आणि उरलेल्या वेळात कामाच्या संदेशांचे नोटिफिकेशन बंद असावे. दर दहा मिनिटांनी फोन उलटा करून पाहणारा माणूस दोन्ही ठिकाणी गैरहजर असतो.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, आणि ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळाली आहे. कमिशनवर काम करणाऱ्याला मात्र कायदा असला तरी फोन बंद करवत नाही, कारण तो उचलण्याचा दबाव बाहेरून कमी आणि आतून जास्त असतो. म्हणूनच खिडकी आपली आपण ठरवावी लागते.

शरीराची काळजी

काउंटरवर दिवसभर उभे राहणाऱ्यांनी गर्दी सुरू होण्याच्या आधीच वापरून मऊ झालेले, टाचेला आधार देणारे बूट निवडावेत; नवे बूट हंगामाच्या पहिल्या दिवशी घालू नयेत. पाण्याची बाटली काउंटरखाली असावी आणि जेवणाची सुट्टी सहकाऱ्याशी ठरवून घ्यावी, नाहीतर ती गर्दीत विरून जाते. प्रौढांनी किमान ७ तास झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थांनी २०१५ मध्ये केली आहे, आणि हंगामात सर्वांत आधी कापली जाते ती हीच झोप.

थकवा आणि त्यापुढची अवस्था यांतला फरकही ओळखावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या बर्नआउटचे वर्णन करताना तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मन तुटणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि कार्यक्षमता घटणे. दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर थकवा कमी होतो. विश्रांतीनंतरही ग्राहकाचा फोन वाजताच राग येत असेल, तर मॅनेजरशी आणि गरज वाटल्यास डॉक्टरांशी बोलण्यात दिरंगाई करू नये.

हंगाम संपल्यावर

परतल्यानंतरच्या पहिल्या सकाळी कोणतीही बैठक ठेवू नये. प्रथम ज्याने आपले काम पाहिले त्या सहकाऱ्याशी बोलावे, मग ईमेल उघडावेत, आणि कबूल केलेले फोन ठरलेल्या वेळी करावेत. साचलेली बदली सुट्टी त्याच आठवड्यात कॅलेंडरमध्ये टाकून मंजूर करून घ्यावी.

यानंतर आठवडाभरात, आठवणी ताज्या असताना, एक पान लिहावे. कोणत्या ग्राहकाच्या खरेदी विभागाने कोणत्या तारखेला काम थांबवले, कोणत्या अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत कोणाची सही चालली, काम सोपवण्याच्या चिठ्ठीत काय राहून गेल्यामुळे आपल्याला फोन आला, आणि घरच्यांना दिलेल्या तीन-चार वेळांपैकी किती पाळल्या गेल्या, हे त्यात असावे. शेवटच्या मुद्द्याचे उत्तर आपण स्वतः न लिहिता घरच्यांना विचारून लिहावे. हे पान पुढच्या हंगामाच्या सहा आठवडे आधीच्या तारखेला कॅलेंडरमध्ये जोडून ठेवावे, म्हणजे पुन्हा दिवस मोजायला बसण्याच्या सकाळी ते समोर आलेले असेल.